पोर्शनबाहेरचा प्रश्न

*बाई,*

*मी वसईतल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गेली अकरा वर्षं रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. बाप्तिस्म्यानंतरच्या दृढीकरण संस्काराच्या तयारीची मुलं, चौदा-पंधरा वर्षांची. उपवासकाळात गेथशेमाने बागेचा, येशूला पकडायला आले त्या रात्रीचा धडा होता. पेत्राने तलवार उपसली, येशूने ती परत जागेवर ठेवायला लावली, एवढं सांगून झालं आणि एक मुलगा उठून म्हणाला, ‘मिस, मग ख्रिश्चन देश एवढी शस्त्रं का विकतात? बायबलवर हात ठेवून शपथ घेतात आणि दुसऱ्यांच्या युद्धात बॉम्ब पाठवतात. दुसरा गाल पुढे करायचा तो फक्त आपल्यासारख्यांनीच का?’ मुलं हसली. मी म्हटलं, ‘हे राजकारण आहे, आपला विषय नाही.’ तो खाली बसला. त्यानंतर तीन रविवार झाले, आलेला नाही. आईला म्हणाला, ‘तिथे खरं उत्तर मिळत नाही.’ फादरांना विचारलं तर म्हणाले, ‘वादात पडू नका, दृढीकरण तोंडावर आहे.’ आमचे हे म्हणतात, अहिंसा ही दुबळ्यांना गप्प ठेवायची युक्ती. आणि मला झोप नाही ती वेगळ्याच कारणाने. माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. त्याच्यासाठी मी रोज रोझरीची जपमाळ म्हणते. मग मीही त्या देशांसारखीच दुटप्पी नाही का? त्या मुलाला काय सांगू?*

*– एक धर्मशिक्षिका, वसई*

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि मी आधी माझ्याच जुन्या वर्गात जाऊन बसले. सत्तावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. बरा शिकवला असं लोक म्हणतात. पण पोरांचे जे प्रश्न खरोखर चांगले असायचे, त्यांना मी बहुतेक वेळा एकच उत्तर दिलं: ‘हे पोर्शनमध्ये नाही.’ पोरं खाली बसायची. त्यांना शाळा सोडून जायची सोय नव्हती, तुमच्या मुलाला आहे, आणि त्याने ती वापरली. त्याला मी रुसवा म्हणणार नाही. ज्याला काही पडलेली नसते तो मागच्या बाकावर बसून मोबाइल बघतो, हजेरी पूर्ण करतो आणि दृढीकरणाचा फोटो काढून घेतो. हा मुलगा घरी बसून अजून तुमच्या उत्तराची वाट बघतो आहे.

आधीच सांगते, मी ख्रिस्ती नाही. घर वारकऱ्यांचं. गोदावरीत आंघोळ करून येणाऱ्या नाथांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते दर वेळी न बोलता परत नदीत उतरले, ही गोष्ट आजीने सांगितली. ‘नाठाळाच्या माथी काठी’ हेही त्याच आजीच्या तोंडी असायचं, त्याच ओसरीवर, कधीकधी त्याच दुपारी. तेव्हा गाल आणि काठी यांची ओढाताण मला परकी नाही. बायबल मात्र माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं, तिथे मी पाऊल घालत नाही. मी इतिहासाचं सांगते.

मुलाच्या प्रश्नात ‘ख्रिश्चन देश’ असा शब्द आहे. तुम्ही वसईच्या, त्यामुळे या शब्दाकडे जरा थांबून बघायला तुमच्याइतकी चांगली जागा कुणाची नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. क्रूस आणि तोफा एकाच गलबतातून उतरल्या. पुढे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, चर्चच्या घंटा देशावर गेल्या. त्यातली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात अजून आहे. तोफा गेल्या, राज्य गेलं, आणि तुमच्या पणजीची रोझरी मात्र आळीत राहिली. म्हणजे जे लिस्बनच्या राजाचं होतं ते निघून गेलं आणि जे येशूचं होतं ते राहिलं. बाप्तिस्मा माणसाचा होतो, राज्याचा होत नाही. एवढं मुलाला सांगितलंत तर त्याचा निम्मा राग योग्य ठिकाणी जाईल. निम्माच. कारण तो लगेच विचारेल, ‘देशाचं सोडा मिस, पण त्या देशाची गादी चालवणारा माणूस तर बाप्तिस्मा झालेला असतो ना?’

मग त्याला ऑस्कर रोमेरोंची गोष्ट सांगा. सगळी सांगा, चर्चमध्ये सांगतात तेवढीच नको.

मध्य अमेरिकेत एल साल्वादोर नावाचा चिमुकला देश आहे. नावाचा अर्थच ‘तारणारा’. कॉफीचे मळे, मूठभर जमीनदार घराणी, जमीनदारांच्या बाजूला लष्कर, आणि बाकी सगळे भूमिहीन. राज्य करणारेही कॅथलिक, मरणारेही कॅथलिक. रोमेरो तिथले बिशप. पुस्तकात रमणारे, भिडस्त, वाद टाळणारे. जून १९७५ मध्ये त्यांच्याच बिशपक्षेत्रात ट्रेस कायेस नावाच्या वस्तीत नॅशनल गार्डच्या जवानांनी शेतकऱ्यांना मारलं. रोमेरो मृतांच्या घरी गेले, सांत्वन केलं, आणि परत येऊन राष्ट्राध्यक्षांना एक खासगी पत्र लिहिलं. जाहीरपणे अवाक्षर नाही. चर्चने राजकारणात पडू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्यांना राजधानीचं आर्चबिशप केलं तेव्हा जमीनदारांना हायसं वाटलं आणि गरिबांत काम करणारे धर्मगुरू खट्टू झाले.

ताई, तुम्ही वर्गात जे वाक्य बोललात तेच हा माणूस साठीला येईपर्यंत बोलत होता. आज तो संत आहे. तेव्हा स्वतःला फार कोसू नका.

तीन आठवडे गेले. १२ मार्च १९७७ रोजी रुतिलिओ ग्रांदे नावाचा जेझुइट संघाचा धर्मगुरू, रोमेरोंचा मित्र, मिस्सेच्या उपासनेसाठी गाडीने निघाला होता. वाटेत उसाच्या शेतांमध्ये गोळ्या घातल्या. त्याच्याबरोबर एक म्हातारा शेतकरी आणि नेल्सन लेमुस नावाचा सोळा वर्षांचा मुलगा होता, तेही मेले. हे वय तुमच्या वर्गात मुद्दाम सांगा.

रोमेरोंनी पुढच्या रविवारी संपूर्ण आर्चबिशपक्षेत्रातल्या सगळ्या मिस्सा रद्द केल्या. एकच मिस्सा, कॅथीड्रलसमोर, सगळ्यांनी तिथे या. पोपचा तिथला राजदूत चिडला. सरकार चिडलं. लाखभर माणसं आली. या खुनाचा तपास होईपर्यंत आपण एकाही सरकारी समारंभाला जाणार नाही, असं रोमेरोंनी जाहीर केलं आणि ते पाळलं. तपास झाला नाही, ते गेले नाहीत. दर रविवारी चर्चच्या रेडिओवर त्यांचं प्रवचन लागायचं. आधी शुभवर्तमानाचं विवेचन, मग त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची, उचलून नेलेल्यांची नावं. नाव, गाव, तारीख. रेडिओच्या मनोऱ्यावर बॉम्ब पडले, मनोरा दुरुस्त झाला, नावं चालू राहिली.

इथे एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, कारण तो कुणाच्याच सोयीचा नाही. डाव्या गनिमांनी, म्हणजे सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांनी, परराष्ट्रमंत्र्याचं अपहरण करून त्याला मारलं. मे १९७७. रोमेरोंनी त्या खुनाचा तितक्याच स्पष्ट शब्दांत निषेध केला आणि त्याच्या अंत्यविधीची मिस्सा स्वतः अर्पण केली. त्याच दिवशी उजव्या टोळीने आणखी एका धर्मगुरूला त्याच्या घरात गोळ्या घातल्या. एका शवपेटीवरून उठून दुसरीकडे. हिंसा आपल्या बाजूची की त्यांच्या बाजूची, हे बघून आवाज कमी-जास्त न करणं, याला मी अहिंसा म्हणते. ते गांधीजींसारखे निखळ अहिंसावादी होते असंही मात्र मुलांना सांगू नका. सगळे मार्ग संपल्यावर जुलमाविरुद्ध उठाव करता येतो, ही चर्चची जुनी शिकवण त्यांनी नाकारलेली नव्हती. पण तो दिवस येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचा जीव पणाला लावला होता.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. फेब्रुवारी १९८०. अमेरिका साल्वादोरच्या लष्कराला आणखी मदत देणार अशी बातमी आली. अमेरिकेचे अध्यक्ष होते जिमी कार्टर. रोमेरोंनी त्यांना पत्र लिहिलं, १७ फेब्रुवारीच्या मिस्सेत ते लोकांना वाचून दाखवलं, पटतं का म्हणून विचारलं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मग ते पाठवलं. त्यात त्यांनी म्हटलं की तुम्ही ख्रिस्ती आहात, मानवी हक्कांची भाषा बोलता, म्हणून तुम्हाला लिहितो. आधीच्या खेपेला तुम्ही फक्त गॅस मास्क आणि गोळी न लागणारी जाकिटं पाठवलीत. ती घालून आमचे शिपाई लोकांवर जास्तच निर्धास्तपणे तुटून पडले. कृपा करून आता काही पाठवू नका.

आणि हे कार्टर कोण? बाप्टिस्ट चर्चमध्ये आयुष्यभर रविवारचा बायबलवर्ग घेणारा माणूस. तुमच्याच कामातला. अध्यक्ष असतानाही वॉशिंग्टनच्या चर्चमध्ये शिकवायचे, नंतर म्हातारपणी गावी शिकवायचे. पुढे २००२ मध्ये शांततेचं नोबेलही मिळालं. त्यांना ढोंगी म्हणून हातावेगळं करणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल. मला वाटतं, माणूस खरा होता आणि मदतीवर सही तरीही झाली. हे मुलाला पचायला जड जाईल. मलाही जातं.

सही का झाली ते समजून घ्या, कारण सगळ्या युत्या याच वाटेने जातात. जुलै १९७९ मध्ये शेजारच्या निकाराग्वात अमेरिकेचा जुना मित्र, हुकूमशहा सोमोसा, उलथला आणि डावे सत्तेवर आले. डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. वॉशिंग्टनला वाटलं, आता साल्वादोर हातचं गेलं तर पुढे काय? एकदा का प्रश्न ‘पुढे काय’ असा झाला की समोर कोण मरतंय ते दिसेनासं होतं. मग शब्द शोधले जातात. या मदतीसाठी ‘प्राणघातक नसलेली’ असा शब्द वापरला गेला. ट्रक, वायरलेस संच. जाकिटांचं काय झालं ते रोमेरोंनी सांगून ठेवलं होतं, पण उत्तर आलं ते परराष्ट्रमंत्र्यांच्या सहीचं आणि परराष्ट्रखात्याच्या भाषेतलं.

२३ मार्चच्या प्रवचनात रोमेरो थेट शिपायांशी बोलले. तुम्ही मारता ते तुमचेच शेतकरी भाऊ आहेत. देवाच्या आज्ञेविरुद्धचा हुकूम पाळायला कुठलाही शिपाई बांधील नाही. देवाच्या नावाने विनवतो, हुकूम करतो, हा छळ थांबवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कर्करोग्यांच्या इस्पितळातल्या लहानशा प्रार्थनामंदिरात ते मिस्सा अर्पण करत होते. दारातून एक गोळी आली.

इथे बहुतेक जण गोष्ट थांबवतात. हुतात्मा झाला, संत झाला, मेणबत्ती लावा. तुम्ही थांबू नका, कारण मुलाला पुढचंच हवं आहे. ३० मार्चला अंत्ययात्रेवर बॉम्ब आणि गोळ्या पडल्या, डझनावारी माणसं मेली. देशातल्या बिशपांपैकी एकच अंत्यविधीला आला होता. अमेरिकेची ५७ लाख डॉलरची लष्करी मदत मंजूर झाली. डिसेंबरात साल्वादोरच्या जवानांनी चार अमेरिकन महिलांना, तीन धर्मभगिनी आणि एका प्रापंचिक सेविकेला, अत्याचार करून मारलं. कार्टरनी मदत थांबवली. आणि पद सोडायच्या आठवडाभर आधी, जानेवारी १९८१ मध्ये, पुन्हा चालू केली.

मग अध्यक्षपदी रेगन आले. डिसेंबर १९८१ मध्ये एल मोसोते नावाच्या खेड्यात अमेरिकेने तयार केलेल्या अत्लाकात्ल पलटणीने जवळजवळ गाव पुसून टाकलं. आसपासच्या वस्त्या धरून हजाराच्या घरात माणसं. वर्तमानपत्रांत बातमी आली २७ जानेवारी १९८२ ला. दुसऱ्याच दिवशी रेगन सरकारने काँग्रेसला लेखी कळवलं की साल्वादोर सरकार मानवी हक्कांच्या बाबतीत सुधारणा करतंय, मदत चालू ठेवायला हरकत नाही. दहा वर्षांनी तिथे उत्खनन झालं. चर्चच्या शेजारच्या एका खोलीत १४३ सांगाडे मिळाले, त्यात १३१ बारा वर्षांखालच्या मुलांचे. सापडलेल्या काडतुसांपैकी ज्यांच्यावरचा शिक्का वाचता आला, ती मिसुरी राज्यातल्या लेक सिटीच्या कारखान्यात अमेरिकन सरकारसाठी बनवलेली होती. मला युत्यांवरची जाडजूड पुस्तकं फार समजत नाहीत. हा शिक्का समजतो.

समोरची बाजू तरी स्वच्छ होती का? नव्हती. गनिमांना शस्त्रं क्यूबा आणि निकाराग्वामार्गे येत होती, आणि त्या छावणीचा मोठा भाऊ अफगाणिस्तानात काय करत होता ते वर आलंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सत्य आयोगाने १९९३ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सुमारे ८५ टक्के सरकारी यंत्रणा आणि तिच्या आश्रयाखालच्या टोळ्यांविरुद्ध होत्या, सुमारे ५ टक्के गनिमांविरुद्ध. दोघांना एकाच मापाने मोजू नका, पण पाच टक्के मेलेलेही मेलेच.

‘बघा हे गोरे लोक’ असं म्हणून वर्ग संपवू नका. आपल्या अंगणातलं सांगा. १९४९ मध्ये नाटो करार झाला, अमेरिका आणि तिच्या युरोपातल्या मित्रांच्या लष्करी युतीचा. त्याच्या प्रास्ताविकात लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याच्या राज्याचे गोडवे आहेत. आणि संस्थापकांत पोर्तुगाल, म्हणजे सालाझारची हुकूमशाही. हा सालाझार तरुणपणी सेमिनरीत, धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, शिकलेला, गोव्यावरचा आपला ताबा म्हणजे ख्रिस्ती संस्कृतीचं रक्षण असं सांगणारा. १५ ऑगस्ट १९५५ ला हातात काठीही नसलेले सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, त्यांत महाराष्ट्रातले कितीतरी. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या चालवल्या, वीसहून अधिक जण मेले. साडेतीन महिन्यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यांबरोबरच्या संयुक्त निवेदनात या मुलखांना पोर्तुगालचे ‘प्रांत’ म्हटलं. वसाहत म्हटलं असतं तर मित्र दुखावला असता.

याच काळात नेहरू रोमला पोप बारावे पायस यांना भेटले आणि बाहेर येऊन म्हणाले की गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोपनाही मान्य आहे. गंमत बघा, तुमचंच वाक्य! ‘हे राजकारण आहे.’ पण तिथे त्या वाक्याने हुकूमशहाच्या हातातून क्रूस काढून घेतला. तुमच्या वर्गात त्याने मुलाचं तोंड बंद केलं.

आणि आपण? जगाला अहिंसेचे पाठ देणाऱ्या आपल्या देशाने डिसेंबर १९६१ मध्ये फौज पाठवून दोन दिवसांत गोवा घेतला. मला त्याचं दुःख नाही, खरं सांगायचं तर आमच्या घरी पेढे वाटले होते. पण सुरक्षा समितीत आपल्यासाठी नकाराधिकार वापरला तो सोव्हिएत संघाने, ज्याने पाच वर्षांपूर्वी हंगेरीत रणगाडे घातले होते, आणि त्या वेळी आपली जीभ जरा जडच झाली होती. आजही शस्त्रं विकत घेणाऱ्या मोठ्या देशांच्या यादीत आपण अगदी वर असतो. विकणाऱ्याकडे बोट दाखवताना गिऱ्हाईक कोण, हेही मुलाला दिसू दे.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. दुबळ्यांना गप्प ठेवायची युक्ती. पुष्कळदा तसा वापर झाला आहे, हे त्यांचं खरं आहे. मळेवाल्याने मजुराला ‘दुसरा गाल पुढे कर’ म्हणणं ही शुद्ध चोरी आहे. पण रोमेरो तर गप्प बसत नव्हते, म्हणून तर गोळी घालावी लागली. गप्प बसणाऱ्यावर कुणी काडतूस वाया घालवत नाही. यजमानांना हेही सांगा की साल्वादोरमध्ये गप्प न बसणाऱ्यांनी बंदूकही उचलून पाहिली. बारा वर्षं युद्ध चाललं, पंचाहत्तर हजार माणसं मेली, आणि जानेवारी १९९२ मध्ये मेक्सिकोत सह्या झाल्या त्या दोन्ही बाजू थकल्यावर आणि मॉस्को-वॉशिंग्टनचं भांडण मिटल्यावर. अहिंसा जिंकली असं मी म्हणत नाही, ती त्या देशात हरली. बंदूकही जिंकली नाही. मुलाला ‘शेवटी चांगल्याचंच होतं’ असं सांगू नका. पंधरा वर्षांच्या पोराला ते वाक्य लांबून ओळखू येतं.

तुमच्या भावाबद्दल. हा खरा प्रश्न आहे असं मला पत्राच्या दुसऱ्या वाचनात कळलं. इ. स. २९५. आज अल्जीरियात असलेल्या तेबेसा गावी माक्सिमिलियान नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाला रोमन सैन्यभरतीसाठी उभं केलं. बाप जुना सैनिक. मुलगा म्हणाला, मी ख्रिस्ती आहे, मला हे जमणार नाही. अधिकारी म्हणाला, अरे, खुद्द सम्राटांच्या पदरी ख्रिस्ती शिपाई आहेत, त्यांना चालतं, तुलाच काय झालं? त्यावर त्याचं उत्तर मला फार आवडतं. त्यांच्यासाठी काय योग्य ते त्यांना ठाऊक, मी मात्र वाईट करू शकत नाही. शिरच्छेद झाला. चर्च त्यालाही संत मानतं. तारीख १२ मार्च, म्हणजे रुतिलिओ ग्रांदेंच्या मृत्यूचीच, सोळाशे ब्याऐंशी वर्षं आधीची.

बघा, स्वतःची मान द्यायला तयार असलेल्या त्या पोराने गणवेशातल्या दुसऱ्या ख्रिस्त्यांना नावं ठेवली नाहीत. तुम्हीही भावाला ठेवू नका, आणि स्वतःलाही. भाऊ जिवंत राहावा म्हणून प्रार्थना करणं यात दुटप्पी काही नाही. त्याच्यासमोर उभा राहणारा मेला तरी चालेल, अशी प्रार्थना असती तर मी वेगळं लिहिलं असतं. रोमेरोही शिपायांना ‘भाऊ’च म्हणाले होते, ते विसरू नका. वाटलं तर रोझरीतलं एक गूढ, माळेतली दहा मण्यांची एक फेरी, सीमेपलीकडच्या त्याच्यासारख्याच कुणाच्या तरी बहिणीसाठी म्हणा. कुणाला सांगायची गरज नाही. आणि देशांमध्ये नि तुमच्यात एक मोठा फरक आहे. तुम्हाला झोप येत नाही.

फादरांशी भांडू नका. त्यांचीही अडचण समजते, धर्मग्रामात शंभर तोंडं. त्यांना ‘वर्गात राजकारण बोलू का’ असं विचारलंत तर ते नाहीच म्हणतील. तसं विचारूच नका. १४ ऑक्टोबर २०१८ ला पोप फ्रान्सिस यांनी रोमेरोंना संतपद दिलं, तेव्हा रोमेरोंचा रक्ताचे डाग पडलेला कमरपट्टा स्वतः बांधला होता. म्हणजे आता ते तुमच्या पंचांगातले संत आहेत. फादरांना सांगा, ‘पुढच्या रविवारी संत ऑस्कर रोमेरोंचं चरित्र घेते.’ कोण नाही म्हणेल? एखादा मिश्कील धर्मगुरू असेल तर त्यांना हेही सांगा, की सप्टेंबर २०१५ मध्ये याच पोपनी अमेरिकन काँग्रेससमोर उभं राहून, लोकांचे हाल करणाऱ्यांना शस्त्रं का विकली जातात, असं विचारलं होतं आणि रक्ताने माखलेल्या पैशासाठी, असं उत्तरही तिथेच दिलं होतं. तुमच्या मुलाने विचारलं ते पोपनी विचारलं. पोपना टाळ्या मिळाल्या, याला मुलं हसली.

त्या हसण्याचंही काहीतरी करा. तुम्ही त्याला वर्गासमोर गप्प बसवलंत, तेव्हा जे सांगायचं ते वर्गासमोरच सांगा: ‘मी त्या दिवशी प्रश्न टाळला.’ एवढंच. फार लांबवू नका, शिक्षिकेने फार माफी मागितली की पोरं अवघडतात. मग कार्टरना लिहिलेल्या पत्राची गोष्ट सांगा आणि मुलांना त्याचं उत्तर लिहायला लावा. रोमेरोंच्या बाजूने नको, कार्टरच्या बाजूने. तुम्ही अध्यक्ष आहात, निकाराग्वा गेलेलं आहे, समोर हे पत्र आहे, काय लिहाल? अर्धी मुलं मदत पाठवतील बघा. तिथून खरी चर्चा सुरू होईल, आणि ती तुम्हाला जिंकायची नाही.

पण हे सगळं नंतर. आधी त्याच्या घरी जा. निरोप नको, व्हॉट्सॲप नको, आईच्या मध्यस्थीने तर नकोच. मिस्सेनंतर चालत जा. तो खोलीतून बाहेर आला नाही तर आईशी बसून चहा घ्या आणि निघताना, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, नेल्सन लेमुस सोळा वर्षांचा होता एवढं सांगून या. पुढच्या रविवारी पुन्हा जा.